मोरोक्कोला प्रथमच जाताना
सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या करा. नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरत असल्यामुळे कासाब्लांकाचे वेळापत्रक फेस शहराला चालत नाही. मुक्कामाच्या शहराचेच, हबूस (म्हणजे वक्फ, धर्मादाय मालमत्ता) व इस्लामी व्यवहार मंत्रालयाचे वेळापत्रक पाहा. नवखे हमखास फसतात ते रमजानमध्ये, कारण 2018 पासून एरवी ग्रीनिचच्या एक तास पुढे चालणारे तेथील घड्याळ त्या काळापुरते मागे घेतले जाते.

दुसरे, बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नसल्याने, परंपरेने इ.स. 859 ची मानली जाणारी फेसची करवीन मशीद त्यांना दारातूनच पाहावी लागते. कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद मात्र नमाजाच्या वेळा सोडून मार्गदर्शकासह आतून पाहता येते. कोरीवकामाची ओढ असल्यास (ती असावीच!) फेसचा बू इनानिया मदरसा आधी गाठा. बारकावे नंतर पाहू.