पिकअप किती ओढेल? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पिकअप पाऊण टनी वर्गातली (हे वर्गाचं नाव, खरं वजन नव्हे), चार दारांची, फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल आहे. माहितीपत्रकात टोइंग क्षमता ७,७०० किलो दिली आहे. मला ६,४०० किलोंचा फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे पुढचं टोक गाडीच्या हौद्यातल्या जोडणीवर टेकणारा, घ्यायचा आहे. हजारभर किलो हाताशी राहत असताना जाणकार नको का म्हणतात? दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन ४,५३६ किलो आणि माणसं-सामान मिळून ९८० किलो असं लिहिलंय. आम्ही चौघं मिळून २७० किलो भरतो.

उत्तर : जाणकार बरोबर सांगतायत. इंजिन हा ट्रेलर ओढेल, पण मागचे पाटे, ॲक्सल आणि टायर त्याचं ओझं पेलणार नाहीत. ओढणं आणि पेलणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मोठ्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा पेलण्याची मर्यादा आधी संपते.

ट्रेलरच्या वजनाचा काही भाग गाडीवर टेकतो. मागच्या बॉलला, म्हणजे गाडीच्या मागे बसवलेल्या जोडणीच्या गोळ्याला, जोडायच्या ट्रेलरचा हा भाग १० ते १५ टक्के असतो, फिफ्थ-व्हीलचा १५ ते २५ टक्के. हे वजन त्या ९८० किलोंतूनच जातं. तुमचा हिशेब मांडू : माणसं २७०, फिफ्थ-व्हील हिच (हौद्यातली जोडणी) ८० आणि हौद्यातलं किरकोळ सामान १०० धरलं, तर ४५० किलो झाले. उरले ५३०. तुमच्या भरलेल्या ट्रेलरचे २० टक्के होतात १,२८०. म्हणजे गाडी ७५० किलोंनी जास्त भरली. उलट बाजूने पाहा : ५३० ला ०.२० ने भागलं की २,६५० किलो येतात. तुमच्या घरच्या माणसांसह या गाडीला एवढाच फिफ्थ-व्हील झेपेल.

मग ७,७०० हा आकडा खोटा का? नाही. असे आकडे सहसा एसएई या अभियंत्यांच्या संघटनेच्या जे-२८०७ या मानकाप्रमाणे काढतात. त्यात ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी ६८ किलोंचे, आणि हिचचं सामान एवढंच गाडीत धरलेलं असतं. बॉलवर १० टक्के, म्हणजे ७७० किलो, अधिक १३६ किलोंची दोन माणसं : बेरीज ९०६. हिच धरूनही ९८० त बसतं. चढाची चाचणीही कडक आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर, एसी चालू ठेवून, वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. मागे दुहेरी चाकं असतील तर ५६ च्या. चाचणी चांगली आहे, फक्त तिच्यात तुमचं कुटुंब बसलेलं नाही.

मागच्या बॉलला जोडायचा ट्रेलर घेतलात तर चित्र बरं आहे. माणसं आणि सामान तेवढंच, आणि सळयांच्या ताणाने वजन सगळ्या ॲक्सलांवर वाटून देणारा हिच ४५ किलोंचा धरा. मग ५६५ किलो उरतात. १५ टक्क्यांनी भागले तर ३,७६० च्या आसपास, १२.५ टक्क्यांनी ४,५२०. मी १५ टक्क्यांचाच आकडा धरा म्हणेन, कारण पाण्याची टाकी आणि पुढची कपाटं भरली की ट्रेलरच्या दांड्यावरचा, म्हणजे बॉलवर येणारा, भार वाढतो. हिचवर छापलेली मर्यादाही वाचा. वजन वाटणाऱ्या सळया लावून आणि त्या न लावता, असे दोन आकडे तिथे असतात. रिसीव्हर (गाडीखालची चौकोनी खोबण), त्यात बसणारा बॉलचा दांडा आणि बॉल यांत ज्याचा आकडा सगळ्यांत लहान, तोच तुमचा.

६,४०० किलोंचाच ट्रेलर हवा असेल तर एक टनी, मागे दुहेरी चाकांची पिकअप बघा. लेबल मात्र त्या विशिष्ट गाडीचंच वाचा. त्याच मॉडेलची डिझेल गाडी इंजिनाच्या वजनामुळे पेट्रोलपेक्षा कमी ओझं वाहते.

प्रश्न : मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या बसवल्या तर क्षमता वाढेल ना?

उत्तर : नाही. गाडी मागून बसलेली दिसणार नाही, इतकंच. ॲक्सल, बेअरिंग, चाकं, टायर आणि ब्रेक तेच राहतात. पिशव्यांमुळे वाकलेली गाडी सरळ दिसते आणि जास्त भरल्याची खूणच लपते, म्हणून त्या बसवल्यावर काट्यावर जाणं अधिकच गरजेचं.

प्रश्न : काट्यावर नेमकं काय मोजायचं?

उत्तर : प्रवासाला निघताना जशी गाडी भराल तशीच न्या : टाकी पूर्ण, माणसं आत. आधी ट्रेलर जोडून, वजन वाटणाऱ्या सळया सैल करून, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल वेगवेगळे मोजा. मग ट्रेलर सोडून नुसती गाडी मोजा. जोडलेल्या अवस्थेतल्या गाडीच्या दोन ॲक्सलच्या बेरजेतून नुसत्या गाडीचं वजन वजा केलं की दांड्यावरचा भार मिळतो. सगळ्या ॲक्सलच्या बेरजेतून नुसती गाडी वजा केली की ट्रेलरचं पूर्ण वजन. भार १० टक्क्यांच्या खाली आला तर ट्रेलरला उलाळ आहे, म्हणजे तो मागे जड आहे, आणि असा ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे डोलू लागतो. सामान पुढे सरकवा.

मागच्या ॲक्सलचा आकडा पाहून बरेच जण चक्रावतात. बॉल ॲक्सलच्या मागे असल्यामुळे तिथे तरफ तयार होते. दोन ॲक्सलमधलं अंतर ४ मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून १.३ मीटर मागे असेल, तर बॉलवरच्या ५०० किलोंनी मागच्या ॲक्सलवर सुमारे ६६२ किलो वाढतात आणि पुढच्यावरचे १६२ कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. सळया ताणून पुन्हा मोजा, पुढचं वजन बरंचसं परत आलेलं दिसेल. शेवटी ॲक्सलचे आकडे लेबलशी आणि टायरच्या मर्यादेशी ताडून पाहा. दुहेरी चाकांत प्रत्येक टायरची मर्यादा एकेरीपेक्षा कमी असते.

प्रश्न : ३.७३ ऐवजी ४.१० गिअर-गुणोत्तराचं डिफरन्शियल (ॲक्सलमधली गिअरची पेटी) घेतलं तर?

उत्तर : चढावर जोर वाढेल आणि गाडी-ट्रेलर मिळून चालणारं एकत्रित कमाल वजन काही मॉडेलांत वाढतं. ते ९८० किलो मात्र तसेच राहतील.