काळ्या भिंती थांबतील, पॉलिसीची मुदत थांबणार नाही

पत्राचा गोषवारा असा. पत्रलेखिका ३१ वर्षांच्या असून पुण्यात धायरीला स्वतःच्या टू-बीएचके सदनिकेत पतीसह राहतात. दोघांचे मिळून दरमहा १ लाख ३० हजार रुपये हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता ४५ हजार आहे, घरखर्चही साधारण तेवढाच होतो आणि बचत २ लाखांची आहे. त्यांना घर गॉथिक पद्धतीने सजवायचे आहे: काळ्या भिंती, वाइन रंगाचे मखमली पडदे, टोकदार कमानी, कोरीव पलंग. इंटिरिअर डिझायनरने ९ लाखांचे अंदाजपत्रक दिले आहे. त्यासाठी त्यांनी १३ टक्के स्थिर व्याजाचे, ५ वर्षे मुदतीचे, ७ लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले. कर्ज लवकर मंजूर व्हावे म्हणून बँकेने सोबत हमी उत्पन्नाची एक पॉलिसी काढायला लावली आणि तिचा १ लाख २० हजारांचा पहिला वार्षिक हप्ता कर्जाच्या रकमेतूनच वळता करून घेतला. पॉलिसीचा दस्तऐवज ई-मेलने येऊन १८ दिवस झाले आहेत. बाईंचा प्रश्न एवढाच आहे की सोफा आणि पलंग कर्जाच्या पैशांतून घ्यावेत की दुकानदाराच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर.

सोफ्याकडे आपण शेवटी येऊ. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा ९ लाख नसून १८ दिवस हा आहे, आणि म्हणूनच या उत्तरातील पुढचा भाग मी तुम्हाला पत्र मिळाले त्याच दिवशी ई-मेलने कळवला. इथे तो इतरांच्या उपयोगासाठी देत आहे. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती नाकारून पैसे परत मागण्याचा हक्क ग्राहकाला असतो. त्याला फ्री-लुक म्हणतात. पूर्वी ही मुदत सर्वसाधारणपणे १५ दिवसांची होती, विमा नियामकाने ती २०२४ मध्ये ३० दिवसांची केली. या मुदतीत रद्द केल्यास तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकीचा संपूर्ण हप्ता परत मिळतो. म्हणजे तुमच्या १ लाख २० हजारांपैकी फार तर दोन-चार हजार जातील. मुदत टळल्यावर मात्र हाच निर्णय फार महाग पडतो.

आता ही पॉलिसी नेमकी काय आहे ते पाहू. रिलेशनशिप मॅनेजरने पिवळ्या चिकटचिठ्ठीवर लिहून दिलेल्या हिशेबाचे छायाचित्र तुम्ही जोडले आहे. त्यात ‘१.२ × १० = १२’, खाली ‘२.४ × १० = २४’, आणि त्याभोवती दोनदा गोल करून ‘२०० टक्के गॅरंटी’ असे लिहिलेले आहे. हिशेब खोटा नाही, फक्त त्यातील वर्षे गाळलेली आहेत. तुम्ही दहा वर्षे हप्ते भरायचे, मग काही काळ थांबायचे, आणि तेराव्या वर्षाच्या आरंभापासून दहा वर्षे दरसाल २ लाख ४० हजार घ्यायचे. याचा अर्थ तुमचा प्रत्येक हप्ता बारा वर्षांनी दुप्पट होऊन परत येतो. पैसे दुप्पट व्हायला जितकी वर्षे लागतात तितक्यांनी ७२ ला भागले की व्याजाचा दर अंदाजे कळतो. ७२ ला १२ ने भागा, उत्तर ६ येते. दोनशे टक्क्यांची ही हमी वार्षिक ६ टक्क्यांची आहे. पीपीएफवर सध्या ७.१ टक्के व्याज मिळते, आणि त्यासाठी कोणी चिठ्ठी लिहून देत नाही.

त्यातही हा पहिला हप्ता तुम्ही स्वतःच्या पैशातून भरलेला नाही, तो १३ टक्क्यांच्या कर्जातून गेला आहे. ७ लाखांवर दरमहा सुमारे १६ हजारांचा हप्ता बसतो. पाच वर्षांत साडेनऊ लाखांहून थोडे अधिक भरावे लागतात, म्हणजे व्याजच अडीच लाखांवर जाते. त्यातले पॉलिसीच्या वाट्याचे व्याज सुमारे ४४ हजार आहे. १३ टक्क्यांनी घेऊन ६ टक्क्यांवर ठेवायचे, हा व्यवहार तुम्हाला कोणी समोर बसवून सांगितला असता तर तुम्ही केला नसता. म्हणूनच तो त्या पद्धतीने सांगितला गेला नाही. शिवाय कर्ज ७ लाखांचे असले तरी हातात ५ लाख ८० हजारच आले आहेत. त्यात तुमची सगळी बचत ओतली तरी बेरीज ७ लाख ८० हजार होते, डिझायनरचे अंदाजपत्रक ९ लाखांचे आहे, आणि उरलेल्या १ लाख २० हजारांचा पत्रात कुठेही उल्लेख नाही. सोफ्यासाठी ईएमआयचा विचार कुठून आला असावा, हे मला इथे उमगले.

पत्रातील ‘पाच वर्षांनी पॉलिसीच्या पैशातून कर्ज बंद करू’ हे वाक्य मी दोनदा वाचले. कर्ज पाच वर्षांत आपोआपच संपणार आहे. ते पॉलिसीमुळे नव्हे, तर तुमच्या पगारातून जाणाऱ्या साठ हप्त्यांमुळे संपेल. पॉलिसीचा पहिला पैसा तेराव्या वर्षी येतो. पाच हप्ते भरून, म्हणजे ६ लाख देऊन ती मोडायला गेलात तर हमीचे समर्पण मूल्य (मुदतीआधी मोडल्यावर मिळणारी रक्कम) भरलेल्या हप्त्यांच्या निम्मे असते, म्हणजे ३ लाख. विशेष समर्पण मूल्य याहून जास्त येऊ शकते, पण भरलेले सगळे परत मिळेल अशा आशेवर राहू नका. आणि विमा म्हणून पाहिले तर वर्षाला १ लाख २० हजार घेऊन ही पॉलिसी तुम्हाला १२ लाखांचे संरक्षण देते, तर तुमच्या गृहकर्जाचे अजून ४८ लाख बाकी आहेत. तुमच्या वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीला एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, वर्षाला साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळतो. तो दोघांपैकी एकाकडेही नाही.

तेव्हा पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या, बँकेतील मॅनेजरच्या हाती नको. कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज, पॉलिसीची प्रत आणि रद्द केलेला धनादेश द्यावा, पोच म्हणून तारखेचा शिक्का घ्यावा, आणि तोच मजकूर कंपनीच्या अधिकृत ई-मेलवरही पाठवावा. यानंतर तुम्हाला फोन येतील. कर्ज रद्द होईल, सिबिल स्कोअर खाली येईल, निदान एक वर्ष तरी राहू द्या, असे सांगितले जाईल. यातले काहीही खरे मानू नका. वितरित झालेले कर्ज पॉलिसी नाकारली म्हणून रद्द होत नाही, आणि सिबिलचा संबंध कर्जाच्या परतफेडीशी आहे, विम्याच्या खरेदीशी नाही. कर्ज देण्यासाठी विशिष्ट पॉलिसी गळ्यात मारण्याचा अधिकार बँकेला नाही. तुमच्या कर्जाच्या कागदांत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचे, कर्जाचा सगळा खर्च एकत्र दाखवणारे पान असेल. बँकेने वसूल केलेला विम्याचा हप्ता त्यात दाखवून वार्षिक खर्चाच्या दरात धरला आहे का, ते पाहा. धरला नसेल तर तक्रारीला तो एक भक्कम मुद्दा आहे. तक्रार आधी बँकेकडे करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. विमा कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाचे ‘बिमा भरोसा’ हे तक्रारींचे पोर्टल आहे, आणि विमा लोकपालांचे कार्यालय पुण्यातही आहे.

दुसरे काम कर्जाचे. ५ लाख ८० हजार अजून बचत खात्यात पडून आहेत आणि डिझायनरला आगाऊ रक्कम दिलेली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ही पत्रातील एकमेव सुखद बातमी आहे. हप्त्याची परत आलेली रक्कम आणि बचतीतला थोडा भाग मिळवून हे कर्ज बंद करा. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क ३ टक्के धरले तर जीएसटीसह २५ हजारांच्या आसपास जाईल. ते टोचेल, पण समोर अडीच लाखांचे व्याज आहे. काही कर्जे पहिले काही हप्ते भरेपर्यंत बंद करता येत नाहीत; तसे कलम असल्यास अंशतः परतफेड चालते का ते विचारा, आणि तेही चालत नसेल तर मुदत संपेपर्यंत पैसे मुदत ठेवीत ठेवून कर्ज बंद करता येईल त्या तारखेची नोंद कॅलेंडरमध्ये करा. आता दरमहा उरणाऱ्या ४० हजारांतून १६ हजारांचा हप्ता आणि पॉलिसीपोटी १० हजार गेल्यावर तुमच्याकडे १४ हजार राहतात, आणि आकस्मिक निधी शून्य. दोघांपैकी एकाची नोकरी दोन महिने गेली तर काळ्या भिंतींकडे पाहण्याची इच्छा उरणार नाही.

कर्ज गेल्यावर ४० हजारांची वाटणी मी अशी करीन: २५ हजार आकस्मिक निधीला, ३ हजार दोघांच्या टर्म विम्याला, १२ हजार घराला. सहा महिन्यांचा निधी म्हणजे ५ लाख ४० हजार. हातात उरलेले पावणेदोन लाख धरून तो पंधरा महिन्यांत पुरा होतो. आणि महिना १२ हजारांत गॉथिक घर होते का, तर होते. किंबहुना तसेच अधिक चांगले होते.

अंदाजपत्रकातली ओळ न् ओळ मी पाहिली. पीओपीच्या टोकदार कमानींचे फॉल्स सीलिंग २ लाख, पलंग आणि कपाटाचे कोरीव काम २ लाख ४० हजार, भिंतीचे पॅनेल आणि वॉलपेपर १ लाख ७० हजार, पडदे १ लाख १० हजार, झुंबर व दिवे ८० हजार, उरलेले १ लाख डिझायनरचे शुल्क. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे व्हिक्टोरियन गॉथिकचे आपल्याकडचे प्रसिद्ध उदाहरण, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेले ते काम दहा वर्षे चालले. दगडी बांधकामात टोकदार कमान भार खाली उतरवते, म्हणून तिची उंची वाढवता येते. तुमच्या साडेनऊ फुटी स्लॅबखाली पीओपीची कमान कोणताही भार उचलत नाही, उलट छत अर्धा फूट खाली आणते. उंचीचा भास हाच ज्या शैलीचा प्राण, तिच्यासाठी २ लाख देऊन उंची कमी करून घेणे मला पटत नाही. कोरीव पलंगाचे कामही कागदावर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि काळ्या पीयू पॉलिशचे आहे; एमडीएफला ओल लागली की ते फुगते.

पडद्यांचा हिशेब करू. पाच खिडक्यांचे १ लाख १० हजार म्हणजे खिडकीमागे २२ हजार. सहा फूट रुंद खिडकीला साडेसात मीटर मखमल लागते. मीटरला ४०० रुपये धरले तर ३ हजार, वर शिलाई आणि रिंगा मिळून दीड हजार. पाचही खिडक्या २५ हजारांच्या आत बसतात. कापड पॉलिस्टरच्या मखमलीचे घ्या, सुती मखमलीला पावसाळ्यात बुरशी लवकर धरते. हॉलच्या साडेचारशे चौरस फूट भिंतींना चांगल्या मॅट इमल्शनचा गडद रंग मजुरीसह चौरस फुटाला २५ रुपयांनी ११ हजारांत होतो. रंगापूर्वी ओलीचा बंदोबस्त करा, कारण पांढऱ्या भिंतीवर न दिसणारे क्षारांचे पांढरे डाग काळ्या भिंतीवर पहिल्याच पावसात दिसू लागतात. शक्यतो दोन भिंतींपासून सुरुवात करा. कंटाळा आला तर प्राइमरचे एक-दोन हात जास्त मारून पांढरे होता येते. पॅनेल उखडल्यावर मात्र गिलाव्यासकट खर्च येतो. गडद खोलीला दिवे जास्त लागतात, पण नऊ वॅटचे सहा पिवळे एलईडी रोज पाच तास लावले तरी महिन्याला आठ युनिट होतात, त्याची चिंता नको.

टोकदार कमान हवीच असेल तर ती आरशाला द्या. लोखंडी पट्टीची चौकट फॅब्रिकेटरकडून वाकवून घेऊन आत दोन बाय पाचचा आरसा बसवला तर पाच हजारांच्या आसपास काम होते. लाकडासाठी बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा, आणि मोठी वस्तू हवी असेल तर मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात एक दिवस घाला. पाडलेल्या वाड्यांतून आलेली सागवानी कपाटे, जुनी टेबले, पितळी समया, काचेच्या हंड्या पॉलिश केल्यावर नव्या एमडीएफपेक्षा कितीतरी अधिक काळोखी आणि भारदस्त दिसतात. घेण्यापूर्वी कपाटाच्या मागच्या फळीवर आणि पायांशी वाळवीची माती आहे का ते नखाने खरवडून पाहा, आणि टेम्पोचे भाडे किमतीत धरा. हॉल सव्वा लाखात, दहा-अकरा महिन्यांत पुरा होईल. तुमच्या आताच्या पलंगाला उंच पाठ बसवून गडद पॉलिश करण्याचे काम त्यानंतर घ्या.

घर फोटोशूटला देऊन महिना २० हजार मिळतील, हा तुमच्या हिशेबातला आकडा मी कुठेही धरलेला नाही. सोसायटीची परवानगी, शेजाऱ्यांची कुरकुर आणि लिफ्टमधून वर जाणारे कॅमेरावाल्यांचे सामान यांतून पहिले भाडे प्रत्यक्ष मिळाले, तर ते घराच्या १२ हजारांत मिळवा. तोपर्यंत त्या उत्पन्नावर एक पडदाही घेऊ नका.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज बहुधा रोखीच्या सवलतीत लपलेले असते, शिवाय प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा लागू शकतो. दुकानदाराला ६० हजारांचा सोफा आज रोख घेतला तर कितीला देणार, एवढे विचारा. तो ५५ म्हणाला तर ५ हजार ही त्या ‘नो कॉस्ट’ची किंमत आहे. सध्याच्या सोफ्याला गडद मखमलीची नवी गवसणी १५ हजारांच्या आत शिवून मिळते, आणि तेवढे पैसे सव्वा महिन्यात जमतात.