‘पुराचं पाणी भिंतीत पाझरलं, झिरपलं की मुरलं?’ यांपैकी बरोबर काय?

‘झिरपलं’ लिहा. पाणी बारीक फटींतून हळूहळू आत पसरत गेलं, एवढंच तुम्हाला सांगायचं असेल तर हाच शब्द नेमका बसतो. पाझरण्यात रोख बाहेर येण्यावर असतो: पावसाळ्यात पन्हाळ्याच्या कड्यातून पाणी पाझरतं, मडकं पाझरतं. म्हणून तर ‘मायेचा पाझर फुटला’ म्हणतात, तिथं ‘झिरप’ चालणारच नाही.

मुरण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते हे क्रियापद सगळ्यांत श्रीमंत. पदार्थ नुसता आत जात नाही, आत राहून एकजीव होतो. मटणाला मसाला मुरतो, लोणचं मुरतं, आणि राजकारणात वर्षानुवर्षं काढलेला माणूस ‘मुरलेला’ ठरतो. शेतात पाणी मुरतं तसंच जिरतंही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेलच. पण ‘त्याची जिरवली’ म्हटलं की पाण्याचा संबंध संपतो, तिथं गर्व उतरवणं आलं.

हा फरक रोजच्या बोलण्यातून आणि लेखनातून दिसणारा आहे, व्याकरणाचा नियम नाही. ‘पाझर तलाव’ या रूढ नावातच पाणी जमिनीत जाणं अभिप्रेत आहे, त्यामुळे भिंतीबाबत कुणी ‘पाझरलं’ म्हणालं तर त्याला चूक ठरवू नका. विचार, भीती, संस्कार यांच्यासाठीही ‘झिरपणे’च घ्या; ‘संक्रमित होणे’ रोगाची आठवण करून देतं.