सगळ्यांना जाणवतं, मग मलाच का नाही?

प्रार्थनेत देव जाणवत नाही ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे ख्रिस्ती लोक सहसा आधी काढत नाहीत. झोप नाही, घरात चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, असं बरंच काही सांगून झालं की मग ही गोष्ट चाचरत बाहेर येते. एका तरुणाचं उलटं होतं. खुर्चीत बसता बसताच तो म्हणाला, "ताई, मी पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण केलंय. मला क्षमा नाही."

(त्याच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तो मंडळीत, म्हणजे त्याच्या चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी कीबोर्ड वाजवतो. एका शिबिरात आत्म्याच्या बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे पवित्र आत्म्याने भरून जाण्यासाठी, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. एकेकजण अन्य भाषांत, म्हणजे आत्मा देतो असं मानल्या जाणाऱ्या अनोळखी शब्दांत, बोलू लागला, शेवटी हा एकटा उरला. "जीभ मोकळी सोड, अडवू नकोस," असं सगळे म्हणत होते. त्याने शेजाऱ्याच्या तोंडचे आवाज उचलले, थोडे फिरवले आणि मोठ्याने म्हटले. हल्लेलूयांचा गजर झाला, लोकांनी मिठ्या मारल्या. त्यानंतर प्रत्येक सभेत त्याला तेच सोंग करावं लागलं.

आधी क्षमेचं बोललो, कारण ती भीती डोक्यात असताना बाकी काही ऐकू जात नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नाही, हे कठोर शब्द येशू शास्त्र्यांना, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या शिक्षकांना, म्हणतो. येशू भुतं काढत होता ते डोळ्यांनी पाहूनही, हे काम सैतानाचं आहे, असं ते म्हणत होते. ३० व्या वचनात कारण स्पष्ट दिलंय: याला अशुद्ध आत्मा लागलाय, असं ते म्हणत. आत्म्याचं दान (आत्म्याने दिलेली खास देणगी) हवंहवंसं वाटून, लाजेपोटी नक्कल करणारा माणूस त्या शास्त्र्यांच्या रांगेत बसत नाही. तो खोटं बोलला, हे खरं. पण खोट्याला क्षमा आहे. जो खरोखर पाठ फिरवतो तो रात्र रात्र जागून ही चिंता करत बसत नाही, हे बहुतेक पाळकही सांगतील.

मग मी विचारलं, "प्रार्थनेतच काही जाणवत नाही, की इतरही कशात?" तो थांबला. कीबोर्ड वाजवताना पूर्वी अंगावर काटा यायचा, आता येत नाही. मित्र भेटले तरी कोरडंच वाटतं. पहाटे तीनला जाग येते. शिवाय याच पापाच्या भीतीने तो दिवसातून कितीतरी वेळा तेच क्षमेचं वाक्य म्हणत होता, आणि नीट म्हटलं गेलं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, कारण मंडळीत तो फारसा कोणी विचारत नाही. सगळ्याच गोष्टींची गोडी गेली असेल, तर देवही जाणवत नाही यात नवल ते काय! नैराश्यात जाणवण्याची क्षमताच मंदावते. अशा माणसाला आणखी उपास आणि आणखी रात्रप्रार्थना सांगणं मला क्रूर वाटतं. बायबलमध्ये रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिलं, उठवून खाऊ-पिऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं. देवाची मंद वाणी त्याच्या बऱ्याच नंतर आली. याला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषध सुरू झालं, आणि तीच तीच प्रार्थना म्हणण्याच्या सक्तीवर त्याने आणि मी मिळून वेगळं काम केलं.

दानांचा प्रश्न त्यानंतर हातात घेतला. अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली खूण, ही शिकवण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीत रुजली आणि १९०६ पासून अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटच्या सभांनंतर जगभर गेली. दानं आजही आहेत असं मानणाऱ्या कितीतरी मंडळ्या ही खूण सर्वांना लावत नाहीत. काहींच्या मते ही दानंच प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळापुरती होती. समुपदेशनाच्या खोलीत मी हा वाद सोडवत नाही. पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा १२ वा अध्याय मी त्यालाच वाचायला लावला. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असं पत्र लिहिणारा प्रेषित पौल विचारतो आणि त्याला 'नाही' हेच उत्तर अपेक्षित आहे. कोणाला काय द्यायचं ते आत्मा स्वतःच्या इच्छेने ठरवतो. आणि स्वतः सर्वांहून जास्त भाषा बोलणारा हाच पौल, मंडळीत समजेल असे पाच शब्द दहा हजारांपेक्षा बरे म्हणतो.

"अडचणीत तुम्हाला कोण फोन करतं?" मी विचारलं. उत्तर लांबलचक निघालं. कोणाच्या घरी मृत्यू झाला की हा जाऊन नुसता बसतो, आणि लोक पुन्हा त्यालाच बोलावतात. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायातल्या यादीत 'दया करणारा' आहे, ते मी दाखवलं. "हे कसलं दान? हे तर कोणीही करतं," तो म्हणाला. त्याला ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

आणि देवाच्या सान्निध्याचं काय? मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लोक चकित झाले. कित्येक दशकं त्यांना देव जाणवतच नव्हता, तरी त्या प्रार्थना करत होत्या आणि कामही. त्या तरुणाला मात्र बायबलमधलं ८८ वं स्तोत्र अधिक भिडलं. ते अंधारातच संपतं, पण सगळं देवालाच उद्देशून आहे. झोप सुधारली, संगीताची गोडी परतू लागली. प्रार्थनेत अजून "ते" नाही, असं तो म्हणतो.

सोंगाची कबुली सर्वांसमोर द्यावी, असं मी सुचवलं नाही. ती त्याने प्रार्थनागटाच्या पुढाऱ्यांना एकट्यात दिली. त्यांना फारसं रुचलं नाही. पुढच्या शिबिरात पुन्हा हात ठेवून प्रार्थना करू, असं ते म्हणाले. तो जाणार आहे. तोंडातून आपोआप काही आलं नाही तर मी गप्प बसेन आणि मला कोणी आग्रह करायचा नाही, एवढं त्याने आधीच सांगून ठेवलंय.