कंपनीचा रिव्हर्स कॅमेरा बाहेरच्या स्टीरिओला जोडता येतो का?

तुमचा प्रश्न असा, की बाहेरून अँड्रॉइड स्टीरिओ बसवल्यापासून कंपनीचा रिव्हर्स कॅमेरा दिसत नाही, आणि सोलापुरातला दुकानदार नवाच कॅमेरा घ्या म्हणतोय. बहुतेक वेळा जुनाच चालतो. फक्त त्याला न मोजता 12 व्होल्ट देऊ नका.

माझ्या मेहुण्याच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. इलेक्ट्रिशियनने रिव्हर्स लाइटचा करंट सरळ कॅमेऱ्याला दिला. थोडा वेळ चित्र आलं, मग गेलं ते गेलंच. कॅमेरा 6 व्होल्टचा निघाला. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत असे 6 व्होल्टचे कॅमेरे असतात आणि त्यांना सप्लाय कंपनीच्या स्टीरिओतूनच मिळतो. तो स्टीरिओ काढला की सप्लायही जातो. म्हणजे कॅमेरा बंद पडला तरी तो खराब झालाय असं नाही.

जुना स्टीरिओ जपून ठेवला असेल तर तासाभरासाठी परत जोडा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी ऑन, गिअर रिव्हर्समध्ये. आता मल्टीमीटरची काळी पिन बॉडीला लावून कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटच्या) मागून कॅमेऱ्याच्या वायरी तपासा. साधारण चार असतात: सप्लाय, अर्थ (म्हणजे अर्थिंग), व्हिडिओ आणि व्हिडिओचा अर्थ. सप्लायवर 6 च्या आसपास आकडा दिसला तर बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारं छोटं सर्किट, लागेल. त्याचं आउटपुट स्क्रूने 6 वर आणायचं, मीटरवर खात्री करायची आणि मगच कॅमेरा जोडायचा. इंजिन चालू असताना गाडीत 14 व्होल्टच्या आसपास व्होल्टेज असतं, म्हणून अंदाजाने काही करू नका.

व्हिडिओची वायर आणि तिचा अर्थ पिवळ्या आरसीए पिनला जोडून ती स्टीरिओच्या कॅमेरा इनपुटला द्या. गाडी रिव्हर्समध्ये असल्याचं स्टीरिओला कळवणारी रिव्हर्स ट्रिगर वायर, जिच्यावर बहुधा ‘बॅक’ किंवा ‘रिव्हर्स’ लिहिलेलं असतं, ती रिव्हर्स लाइटच्या पॉझिटिव्हवर जाते. गिअर टाकल्यावर स्क्रीन बदलून ‘नो सिग्नल’ आलं तर ट्रिगर बरोबर आहे, दोष व्हिडिओकडे शोधा. स्क्रीन बदललीच नाही तर ट्रिगर बघा. चित्र फिरत असेल किंवा कृष्णधवल येत असेल तर सेटिंगमध्ये व्हिडिओचा प्रकार (पाल, एनटीएससी, एएचडी) बदलून पाहा.

हे सगळं साध्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचं. चारही बाजू दाखवणारी 360 डिग्री कॅमेऱ्यांची गाडी असेल किंवा कॅमेरा डिजिटल असेल तर वायरी जोडून भागत नाही, मॉडेलनुसार वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. तिथे मात्र नवा कॅमेरा स्वस्त पडू शकतो, दुकानदाराचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कंपनीची वायर कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा तयार कपलर मागा. आणि जोडावर नुसती टेप नको. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड एवढा तापतो की टेपचा गोंद वितळून ती सुटते. सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

अजून एक तपासा. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या कारमध्ये मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. काही गाड्यांत त्यांची बीप कंपनीच्या स्टीरिओतूनच येते, त्यामुळे स्टीरिओ बदलल्यावर तीही जाते.

शेवटी स्क्रीनवर दिसणाऱ्या पार्किंगच्या लाइनी. स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या कंपनीच्या लाइनी बहुधा जातील, आणि नव्या स्टीरिओच्या लाइनी तुमच्या गाडीसाठी काढलेल्या नसतात. बंपरपासून एक मीटरवर दोन विटा ठेवा आणि लाइन तिथे जुळवून घ्या. बाळीवेशीकडच्या गल्लीत किंवा गड्डा यात्रेच्या गर्दीत गाडी मागे घेताना मागे लेकरं असतात, तिथे चुकीची लाइन दिसण्यापेक्षा लाइन बंद ठेवलेली बरी.