शंका-समाधान: नव्या बॉक्समधली काडतुसं आणि फुसका बार

प्रश्न: काका नमस्कार, मी टेक्सासला असतो, ऑफिसातल्या मित्रांमुळे हरणाच्या शिकारीची आवड लागली, लायसन्स वगैरे सगळं रीतसर आहे. सीझनआधी रेंजवर रायफल सेट करायला पॉइंट 308 मापाच्या 20 काडतुसांचा नवा बॉक्स फोडला, चांगल्या नावाच्या कंपनीचा. त्यात दोन काडतुसं उडालीच नाहीत आणि एकाचा बार अगदी फुसका गेला. दुकानदार परत घेत नाही. मित्र म्हणतो न उडालेली परत घालून बघ, आणि बाकीची वजन करून सारखी भरली तर वापर. काय करू?

उत्तर: आधी त्या फुसक्या बाराचं सांगतो कारण त्यानंतर तू नळी बघितलीस का हे लिहिलंच नाहीस. आवाज कमी, धक्का कमी आणि टार्गेटवर भोक नाही असं झालं की तिथेच थांबायचं, नळी टार्गेटकडेच ठेवून जरा वेळ जाऊ द्यायचा, रायफल रिकामी करायची आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून मागच्या बाजूने उजेडात नळी बघायची. दारू कमी पडली की गोळी नळीत अडकते, आणि तिच्या मागून दुसरी मारलीस तर नळीच फुटते. 308 मध्ये दाब 62,000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) पर्यंत जातो, तोही चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर! गोळी अडकलेली दिसली तर घरी गज घालून ठोकत बसू नकोस, सरळ गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे ने.

न उडालेल्या काडतुसाला निदान 30 सेकंद द्यायचे, बोल्ट लगेच उघडायचा नाही, कधी कधी बार उशिरा होतो. मग काढून प्रायमरवरचा, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवरचा, खड्डा नीट बघ. खड्डा खोल आणि मधोमध असेल तर दोष बहुतेक काडतुसात. उथळ किंवा कडेला असेल तर रायफलकडे बघ, प्रायमरवर आपटणाऱ्या फायरिंग पिनची स्प्रिंग दमलेली असते नाहीतर बोल्टमध्ये जुनं घट्ट ग्रीस साचलेलं असतं, थंडीत हे फार होतं. त्याच रायफलमध्ये दुसऱ्या लॉटची (वेगळ्या खेपेत बनवलेली) काडतुसं नीट चालतात का बघ, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल. पण ती दोन परत घालू नकोस, तक्रारीचा पुरावा तोच आहे.

वजनाचं मित्राचं म्हणणं मला पटत नाही. पितळी केसच्या, म्हणजे काडतुसाच्या कवचाच्या वजनातच इतका फरक असतो की थोडी कमी भरलेली दारू त्यात लपून जाते, अगदी रिकामं काडतूस असेल तरच काट्यावर पकडलं जाईल. त्यापेक्षा डोळे आणि बोट वापर. बुडावरून बोट फिरवलं की वर आलेला प्रायमर लगेच लागतो, आडवा किंवा उलटा बसलेला तर दिसतोच. केसच्या मानेला चीर, पोचा बघायचा, आणि सगळी टेबलावर ओळीने उभी करायची, एखादं बुटकं दिसलं म्हणजे गोळी आत ढकलली गेलीय, त्याने दाब वाढतो, ते बाजूला काढायचं. घरात रायफलमध्ये घालून मात्र बघायचं नाही.

आणि एवढं सगळं तपासूनही या बॉक्समधलं उरलेलं एकही जंगलात नेऊ नकोस. पैसे गेले याचं वाईट वाटतं हे मान्य, पण बार कमी पडला आणि गोळी हरणाच्या पोटात किंवा पायात बसली तर ते बिचारं झाडीत पळून तासन्‌तास तडफडत मरतं, मला ते अजिबात चालत नाही.

आता तक्रार. अमेरिकेत बहुतेक दुकानं काडतुसं परत घेत नाहीत, त्यामुळे सरळ कंपनीला लिही. लॉट नंबर बहुतेक वेळा बॉक्सच्या झाकणाच्या आत छापलेला असतो म्हणून बॉक्स फेकायचा नाही आणि काडतुसं सुटी करून डब्यात मिसळायची नाहीत. लॉट नंबरचा आणि प्रायमरवरच्या खड्ड्याचा फोटो काढ, रायफलचं मॉडेल लिही. त्यांनी काडतुसं मागवली तर ते सांगतील त्याच कुरिअरने पाठव, अमेरिकन पोस्टातून काडतूस पाठवायला बंदी आहे.

कंटाळा करू नकोस एवढ्यासाठी म्हणतो की तिथे काडतुसं परत मागवायला लावणारं सरकारी खातंच नाही. अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, 1976 मध्ये कायदा बदलून ग्राहक सुरक्षा आयोगाला यात हात घालायला मनाई केली. सामी ही 1926 पासूनची संस्था दाबाची, मापांची मानकं ठरवते खरी पण ती कंपन्यांचीच आहे आणि मानकं ऐच्छिक. युरोपात सीआयपी नावाचा बंदुका-काडतुसं तपासण्याचा करार आहे, त्यातल्या देशांत तसं नाही, तिथे विक्रीआधी तपासणी सक्तीची आहे. म्हणजे तुमच्या अमेरिकेत तो लॉट बिघडलाय हे गिऱ्हाईकांनी कळवलं तरच कंपनीला कळणार, आणि तोवर तोच लॉट दुसऱ्या कुणाच्या तरी रायफलमध्ये जात असेल.

अजून एक, भारतात येताना शिकारीची बॅग आणू नकोस. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर निघालं तरी 1959 च्या शस्त्र कायद्याखाली केस होऊ शकते.