हात झाकू नकोस

प्रिय पोरी,

ख्रिस्टीनाच्या चित्राची तू केलेली नक्कल पाहिली. चेहऱ्यावर तीन आठवडे घातलेस ते दिसतंय. पण खाली विचारलंयस, "हात जमत नाहीत, काळ्या झग्यात बुडवून टाकले तर चालेल का?" ते वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो.

नाही चालणार.

मूळ चित्र पुन्हा बघ. डेन्मार्कची राजकन्या, मिलानच्या ड्यूकची विधवा, वय सोळा. अंगावर सुतकाचा काळा झगा, डोक्यावरही काळंच. 179 सेंटिमीटर उंचीच्या त्या ओकच्या फळीवर होल्बाइन या जर्मन चित्रकाराने उघडं ठेवलं काय? चेहरा आणि हात. त्यातले हात तू घालवायला निघालीस!

इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीला बायको हवी होती म्हणून चितारी आला होता. ही हसली की गालांवर खळ्या पडतात, असं इंग्रज राजदूताने आधीच लिहून कळवलं होतं. चित्रात गाल शांत आहेत. राजघराण्यातल्या मुलीला चेहरा सांभाळायला लहानपणीच शिकवतात. हातांना कोण शिकवणार? ते बघ, काढलेले हातमोजे धरून कसे एकमेकांत थांबलेत. ती तिथे आहे. चेहऱ्यात नाही, हातांत.

वेळ मिळत नाही म्हणतेस. होल्बाइनला 12 मार्च 1538 ला ब्रुसेल्समध्ये तीन तास मिळाले, दुपारी एक ते चार. त्या स्केचवरून हे तैलचित्र झालं. लग्न जमलं नाही, पण हेन्रीने चित्र मरेपर्यंत जवळ ठेवलं.

मी रागावतोय ते तुझ्यावर नाही. बाविसाव्या वर्षी मी आत्याचं पोर्ट्रेट केलं. गोधड्या शिवून शिवून तिचं बोट वाकलेलं. ते जमेना, म्हणून दोन्ही हात पदराखाली घेतले. सगळ्यांनी वाहवा केली. आत्याने एवढंच विचारलं, "माझे हात कुठं रे गेले?" दुरुस्त करीन म्हणत राहिलो. दोन वर्षांनी ती गेली. ते बोट नेमकं कुठे वाकलं होतं, आता मला आठवत नाही.

तेव्हापासून माणूस समोर बसल्याशिवाय काम घेतलं नाही. "फोटो पाठवतो, नुसता चेहरा करा" म्हणणाऱ्यांना परत पाठवलं. घरभाडं थकलं, बायकोशी वाद झाले, लोक हेकट म्हणाले. तिचा त्रास खरा होता. तरी मी चुकलो असं आजही वाटत नाही. कुणीतरी हात मागायला नकोत का?

तेव्हा तो चेहरा आता पुरे. कोळसा घे आणि आई भाजी निवडत असेल तिथे बस. हात हलतील, हलू देत. वीस कागद खराब कर. हात मोठे होतील, बोटं काड्यांसारखी येतील, तरी पुसू नकोस.

रविवारी ते कागद घेऊन ये. कॅनव्हास घरीच ठेव.